रूटेड फोनला अपडेट आलंय? थांबा, ते बटण आत्ताच दाबू नका

अँड्रॉइड १४ चं अपडेट आल्याचं नोटिफिकेशन माझ्या फोनवर चांगले अकरा दिवस लोंबकळत होतं. सकाळी फोन उचलला की ते वर हजर, आणि मी ते बाजूला सारून कामाला लागायचो. आळस हे एक कारण होतंच, पण खरं कारण म्हणजे फोन रूट केलेला आहे, म्हणजे त्याच्या सिस्टिमवरचा पूर्ण ताबा मी स्वतःकडे घेतलाय, आणि रूट केलेल्या फोनवर ते 'इन्स्टॉल करा' बटण न विचार करता दाबलं की काय होतं ते मी एकदा भोगलंय.

तो आधीचा फोन होता, जुन्या पद्धतीचा, एकच सिस्टिम पार्टिशन (स्टोरेजचा स्वतंत्र कप्पा) असलेला. त्यावर मी मोठ्या हौसेने कंपनीच्या रिकव्हरीच्या, म्हणजे अपडेट बसवणाऱ्या छोट्या सिस्टिमच्या, जागी टीडब्ल्यूआरपी नावाची बाहेरची रिकव्हरी टाकली होती. अपडेट आलं, दाबलं बटण. फोन रिस्टार्ट झाला आणि थेट टीडब्ल्यूआरपीत जाऊन बसला. मी 'रिबूट सिस्टिम' दाबलं, परत टीडब्ल्यूआरपी. बंद करून चालू केला, परत तेच. मला वाटलं गेला फोन. नंतर कळलं की अपडेटने मिस्क नावाच्या एका चिमुकल्या पार्टिशनमध्ये 'रिकव्हरीत जा आणि हे पॅकेज बसव' अशी चिठ्ठी लिहून ठेवलेली असते, स्टॉक म्हणजे कंपनीची मूळ रिकव्हरी काम झालं की ती चिठ्ठी पुसते, पण टीडब्ल्यूआरपीला ते पॅकेज बसवता येईना आणि चिठ्ठीही तशीच राहिली, मग बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम, बिचारा दर वेळी ती वाचून मला परत तिथेच पाठवत राहिला. शेवटी टर्मिनलमधून ते पार्टिशन शून्यांनी भरलं तेव्हा फोन सुटला आणि मीही. चूक सगळी माझीच होती, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेव्हापासून मोठं अपडेट आलं की आधी तयारी करतो. या वेळची तयारी जरा लांबली, म्हणून म्हटलं लिहूनच काढू.

मुळात अपडेट रूटवर चिडतं का, ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. फार पूर्वी ओटीए, म्हणजे इंटरनेटवरून थेट फोनवर येणारं अपडेट, एकेक फाइल बघून बदलायचं, त्यामुळे तुम्ही इकडेतिकडे काही ढवळलेलं असलं तरी कधीकधी चालून जायचं. अँड्रॉइड ५.० पासून गुगलने ते ब्लॉकवर आणलं, म्हणजे पार्टिशन हा एक अखंड दगड समजायचा आणि त्याच्यावर फरक चढवायचा. आता फरक चढवायचा तर खालचा दगड अगदी कंपनीने दिला तसाच पाहिजे, एक ब्लॉक जरी वेगळा असला तरी हॅश (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळत नाही आणि अपडेट हात वर करतं. गंमत म्हणजे तुम्ही एकही फाइल बदलली नाही, नुसतं सिस्टिम पार्टिशन एकदा रीड-राइट माउंट केलं, म्हणजे लिहिता येईल असं उघडलं, तरी ईएक्सटी-४ फाइलसिस्टिम आपल्या नोंदीत 'मला माउंट केलं होतं' असं लिहून ठेवते, आणि झालं, दगड बदलला. पूर्वी लोक सिस्टिममधली नको असलेली ॲप्स सरळ डिलीट करायचे आणि मग रिकव्हरीत 'स्टेटस ७' ही अपडेट फसल्याची एरर बघत डोकं खाजवत बसायचे, त्याचं मूळ बरेचदा हेच.

मॅजिस्क या रूट करण्याच्या ॲपने हा प्रश्न बराच सोपा केला. २०१६ मध्ये टॉपजॉनवू उर्फ जॉन वू याने ते काढलं, आणि त्यातली खरी हुशारी ही की ते सिस्टिमला हातच लावत नाही, फक्त बूट इमेजमध्ये, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्यात, शिरतं आणि बाकीचे सगळे बदल फोन चालू असताना वरवर पांघरतं. म्हणजे अपडेटच्या नजरेतून बिघडलेली गोष्ट एकच उरते. जे फोन अँड्रॉइड १३ घेऊनच बाजारात आले त्यांच्यात तर ती गोष्ट बूट इमेजही नसते, त्यासाठी इनिट-बूट नावाची वेगळी छोटी इमेज असते, कारण रॅमडिस्क (सुरुवातीला लागणाऱ्या फाइली) तिकडे गेलाय आणि बूटमध्ये नुसता कर्नल (सिस्टिमचा गाभा) उरलाय. माझा फोन त्यातलाच. पहिल्यांदा रूट करताना मी जुन्या सवयीने बूट इमेज पॅच करत, म्हणजे तिच्यात मॅजिस्क घालत, बसलो होतो आणि रूट का मिळत नाही म्हणून स्वतःवरच वैतागलो होतो.

आता तयारी. सगळ्यात पहिलं काम दोन सेकंदांचं आहे: डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन 'ऑटोमॅटिक सिस्टिम अपडेट्स' बंद करणं. नव्या फोनमध्ये ए आणि बी असे दोन स्लॉट असतात, अपडेट (फरकाऐवजी पूर्ण पॅकेज आलं असेल तर) मागच्या मागे दुसऱ्या स्लॉटमध्ये बसतं आणि तुम्ही सहज म्हणून रिस्टार्ट केलात की नव्या स्लॉटमधून उठतं. फोन मरत नाही, पण रूट गेलेलं असतं आणि मॉड्यूल्स (मॅजिस्कवर चढवलेली छोटी जोडकामं) अर्धवट लटकलेली. मला माझ्या वेळेला, माझ्या हाताने करायचं असतं, म्हणून ते बटण कायम बंद.

मग मी मॅजिस्क उघडून मॉड्यूल्सची यादी बघितली आणि खरं सांगतो, लाज वाटली. चौदा मॉड्यूल्स. त्यातली सहा कशासाठी टाकली होती ते आठवेना. एक फाँटचं, एक बूट ॲनिमेशनचं, एक जाहिराती अडवणाऱ्या होस्ट्स फाइलचं, एक बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवणारं, हे ठीक. पण दोन तर अशी होती की त्यांचं नाव वाचूनही काही उलगडा होईना. दोन वर्षांत रात्री अकरानंतर जे जे सुचलं ते ते टाकलेलं होतं. म्हणून एक साधी वही घेतली आणि लिहायला लागलो, कुठलं मॉड्यूल, कशासाठी, कुठली आवृत्ती, शेवटचं अपडेट कधी. एलएसपोज्ड, म्हणजे चालू ॲप्सच्या कामात ढवळाढवळ करू देणारी चौकट, तिच्या आतली वेगळी, कारण ती आणखी धोकादायक. सिस्टिम यूआयला, म्हणजे नोटिफिकेशन, लॉक स्क्रीन वगैरे दाखवणाऱ्या भागाला, हुक मारणारं काहीही अँड्रॉइडची आवृत्ती बदलली की पहिलं कोसळतं, आणि सिस्टिम यूआय कोसळला की तुमच्या हातात काळा स्क्रीन उरतो.

वहीत आणखी एक पान केलं, मॅजिस्कच्या बाहेर मी काय काय केलंय त्याचं. हे पान जास्त महत्त्वाचं आहे आणि बहुतेक लोक हेच विसरतात. एडीबीने (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड देण्याचं साधन) कुठली ॲप्स 'युझर ० साठी अनइन्स्टॉल' केलीत, कुठली डिसेबल केलीत. याने सिस्टिम पार्टिशनला धक्का लागत नाही, ॲपची मूळ फाइल म्हणजे एपीके जागेवरच असतो, त्यामुळे अपडेट अडत नाही, पण नव्या आवृत्तीला त्यातलं एखादं ॲप खरंच लागत असेल तर ती उठताना अडखळू शकते. मी चार ॲप्स परत जिवंत केली, त्यासाठी 'इन्स्टॉल एक्झिस्टिंग'ची कमांड आहे, एका ओळीचं काम. आणि हो, व्हीबीमेटा, म्हणजे बाकीची पार्टिशन्स मूळचीच आहेत का ते ताडायची माहिती ठेवणारं पार्टिशन. कधीकाळी कुठला तरी व्हिडिओ बघून तुम्ही व्हेरिटी (तीच ताडणी) बंद करण्याचे फ्लॅग लावून व्हीबीमेटा फ्लॅश केलं, म्हणजे फोनवर चढवलं असेल तर ते आठवा आणि लिहून ठेवा. ते परत स्टॉक करावं लागतं आणि काही फोनवर व्हेरिटीची स्थिती बदलली की डेटा पुसायचीच वेळ येते. मी केलेलं नव्हतं. निदान वहीप्रमाणे तरी.

बॅकअप. इथे मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. रूट आहे, सगळ्या ॲप्सचा डेटासकट बॅकअप घेणारं ॲप आहे, दर आठवड्याला आपोआप चालतंय, आपल्याला काय भीती. मग सहज बघितलं की बॅकअप नेमका जातोय कुठे, तर फोनच्याच इंटर्नल स्टोरेजमध्ये. म्हणजे ज्या दिवशी फोन पुसला जाईल त्या दिवशी बॅकअपही त्याच्याबरोबर सती. दोन वर्षं! तो सगळा फोल्डर कॉम्प्युटरवर ओढला, आणि ओढून झाल्यावर त्यातल्या दोनचार फाइल्स उघडूनही बघितल्या, कारण न उघडलेला बॅकअप हा बॅकअप असतो यावर माझा विश्वास उरलेला नाही.

दुसरी गोष्ट, डेटासकट बॅकअप असला म्हणजे सगळी ॲप्स जशीच्या तशी परत येतील असं नाही. बऱ्याच ॲप्सच्या किल्ल्या अँड्रॉइडच्या कीस्टोअरमध्ये असतात, फोनच्या हार्डवेअरला बांधलेल्या, आणि त्या बाहेर निघतच नाहीत. त्यामुळे डेटा परत टाकला तरी ॲपला आपलंच कुलूप उघडता येत नाही. बँकेची ॲप्स परत नोंदणी मागणारच, ते गृहीत धरा. सिग्नल या मेसेजिंग ॲपचा बॅकअप त्याच्याच सेटिंगमधून घ्या आणि तो लांबलचक पासफ्रेज कागदावर उतरवा, फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवू नका, तुम्ही तेच करणार हे मला माहितीये. सगळ्यात जास्त भीती ओटीपी बनवणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपची. तो गेला तर ईमेलपासून सगळीकडे दाराबाहेर उभं राहायची पाळी, म्हणून मी त्याचा एक्सपोर्ट दुसऱ्या जुन्या फोनवर घेतला आणि दोन्हीकडे तेच सहा आकडे येतायत का ते शेजारी ठेवून बघितलं.

रूट असेपर्यंत आणखी एक काम उरकून घ्यावं, ते नंतर जमत नाही. आयएमईआय आणि मॉडेमची माहिती ज्या पार्टिशन्समध्ये असते त्यांची प्रत. क्वालकॉमची चिप असलेल्या फोनवर मोडेम-एसटी-१, मोडेम-एसटी-२, एफएसजी, आणि सेन्सरची कॅलिब्रेशन वगैरे जिथे असते ते पर्सिस्ट. टर्मिनलमध्ये डीडी कमांडने चार छोट्या इमेज निघतात, काही एमबींचा खेळ. अपडेटमध्ये यांना कुणी हात लावत नाही, पण अपडेट फसलं की माणूस घाबरून जे उद्योग करतो त्यात यांचा जीव जातो. या फाइल्स कुणाला पाठवू नका, क्लाउडवर उघड्या टाकू नका, त्या फक्त तुमच्या फोनच्या आहेत.

आता खरी गोष्ट, स्टॉक इमेज.

मॅजिस्कमध्ये अनइन्स्टॉल दाबलं की 'रिस्टोअर इमेजेस' असा पर्याय येतो. पॅच करताना मूळ इमेजची प्रत त्याने बाजूला ठेवलेली असते, ती तो परत जागेवर लावतो. मी दाबलं, आणि उत्तर आलं की स्टॉक बॅकअप अस्तित्वातच नाही. डोकं खाजवलं तेव्हा आठवलं, मागच्या वेळी इमेज मी दुसऱ्या फोनवर पॅच केली होती आणि कॉम्प्युटरवरून फास्टबूटने (बूटलोडरमधून इमेज चढवण्याची सोय) टाकली होती. प्रत राहिली त्या फोनवर, आणि तो फोन मी मधल्या काळात फॅक्टरी रीसेट करून घरातल्यांना देऊन टाकला. म्हणजे माझ्या फोनची मूळ इमेज माझ्याकडे नाही.

घाबरायचं कारण नव्हतं, पण वाट लांबली. अबाउट फोनमध्ये जाऊन पूर्ण बिल्ड नंबर लिहून घेतला, शेवटच्या टिंबापर्यंत. मग नेमक्या त्याच बिल्डचं पूर्ण ओटीए पॅकेज उतरवलं, कंपनीने दिलेल्या एसएचए-२५६ हॅशशी ताडून बघितलं, त्यातली पेलोड फाइल पेलोड डंपर गो नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने फोडली आणि इनिट-बूट बाहेर काढली. 'नेमक्या त्याच बिल्डचं' यावर जोर देतोय, कारण जुन्या फोनवर मी 'एक महिना मागचं, काय फरक पडतोय' म्हणून मागच्या महिन्याची बूट इमेज टाकली होती. फोन उठला, छान उठला, फक्त वायफाय गायब. कर्नल एका बिल्डचा, त्याची मॉड्यूल्स दुसऱ्या बिल्डची, दोघांचं पटेना. दोन तास मी राउटरला शिव्या घालत होतो.

इथे थोडं विषयांतर. मला एका मित्राने विचारलं की ऑफिशियल अपडेट घ्यायचंय तर आधी बूटलोडर लॉक करायला नको का. नको! अजिबात नको! बहुतेक फोनवर अपडेटला बूटलोडर लॉक असण्याशी देणंघेणं नसतं, त्याला फक्त पार्टिशन्स मूळची हवी असतात. उलट पॅच केलेली इमेज आत असताना लॉक केलंत तर फोन ती इमेज नाकारतो, उठत नाही, आणि 'ओईएम अनलॉकिंग'चं सेटिंग आधीच बंद केलेलं असेल तर परत अनलॉकही करू देत नाही. शिवाय लॉक करताना सगळा डेटा पुसला जातो, तो वेगळाच. लॉक करायचंच असेल तर सगळं स्टॉक करून, फोन एकदा नीट उठवून, ओईएम अनलॉकिंग चालू ठेवून, आणि मगच. फोन चालू करताना येणारी 'बूटलोडर अनलॉक आहे' ही धमकीवजा सूचना मला आता घड्याळाच्या टिकटिकीसारखी झालीये, ऐकूच येत नाही.

सॅमसंगवाल्यांची गोष्ट निराळी आहे, त्यांनी वरचं सगळं वाचून माझ्यावर विसंबू नये. तिथे एकदा बदललेली इमेज बूट झाली की नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षाव्यवस्थेचा फ्यूज कायमचा उडतो, तो अनरूट करूनही परत येत नाही, आणि फोनची स्थिती 'कस्टम' दिसली की ओटीए येत नाही. तिथे रस्ता ओडिनचा, म्हणजे कॉम्प्युटरवरून फर्मवेअर चढवणाऱ्या प्रोग्रॅमचा, आपल्या मॉडेलचं आणि रीजनचं पूर्ण फर्मवेअर घेऊन. त्यात सीएससी आणि होम-सीएससी अशा दोन फाइल्स असतात, पहिली डेटा पुसते, दुसरी ठेवते, आणि घाईत नेमकी पहिली निवडली जाते.

आणि परतीचा रस्ता उघडा आहे का ते आधी बघा, कुठलाही फोन असो. ऑगस्ट २०२२ मध्ये पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए ला अँड्रॉइड १३ आलं तेव्हा बूटलोडरमधला अँटी-रोलबॅकचा आकडा वाढवला होता, म्हणजे एकदा १३ वर गेलात की १२ फ्लॅश करता येणार नाही. असं असेल तर 'नाही आवडलं तर मागे येऊ' हा विचार सोडूनच पुढे जायचं.

हे सगळं झाल्यावर प्रश्न उरला की रूट टिकवून अपडेट करायचं की रूट काढून. मॅजिस्कची एक ठरलेली युक्ती आहे: इमेज रिस्टोअर करायची, रिस्टार्ट करायचा नाही, मेमरीत रूट अजून जिवंत असतं, तसंच सिस्टिम अपडेट बसवायचं, शेवटी ते रिस्टार्ट मागेल तेव्हा ते न दाबता मॅजिस्कमध्ये येऊन 'इन्स्टॉल टू इनॲक्टिव्ह स्लॉट' करायचं आणि मग मॅजिस्कमधूनच रिबूट. नव्या स्लॉटमध्ये रूटसकट उठतो. महिन्याच्या सिक्युरिटी पॅचला मी हेच करतो आणि कधी त्रास झाला नाही. पण १३ वरून १४? नको. नवी आवृत्ती उठली नाही तर दोष नव्या आवृत्तीचा, मॅजिस्कचा की चौदा मॉड्यूल्सपैकी कुणाचा हे शोधत बसायची मला हौस नाही. मोठ्या उडीला मी अंगावरचं सगळं उतरवून जातो. काहींना हा भित्रेपणा वाटतो, वाटू दे.

तर क्रम असा झाला. आधी सगळी मॉड्यूल्स काढली आणि एकदा रिस्टार्ट केला, कारण मॉड्यूल खरं निघतं ते पुढच्या बूटला, 'रिमूव्ह' दाबल्यावर फक्त खूण होते. बरीच मॉड्यूल्स जाताना आपली स्क्रिप्ट चालवून आवराआवर करतात, तुम्ही आधीच मॅजिस्क काढलंत तर ती आवराआवर कोण करणार. मग फास्टबूटमध्ये जाऊन सध्याचा स्लॉट विचारला, स्टॉक इनिट-बूट टाकली, उठवला. टर्मिनलमध्ये एसयू ही रूट मागणारी कमांड लिहिली, कमांड सापडत नाही म्हणाला. इतका आनंद एरर बघून कधी झाला नव्हता. बॅटरी ८० च्या वर, जागा बऱ्यापैकी रिकामी, आणि मग ते अकरा दिवस वाट बघणारं नोटिफिकेशन दाबलं.

अपडेट मुकाट्याने बसलं. सगळी गंमत त्यानंतरची, ती म्हणजे घाई न करणं. आताच्या व्हर्च्युअल ए-बी फोनवर पहिल्या बूटनंतर मागे विलीनीकरण चालू असतं, नवे ब्लॉक जुन्यांच्या जागी कायमचे बसत असतात, आणि त्याच्या मधेच फास्टबूटमध्ये जाऊन काही फ्लॅश करणं म्हणजे चालत्या गाडीचं चाक बदलणं. मी पूर्ण एक दिवस फोन स्टॉकच वापरला. कॉल लागतात का, कॅमेरा, वायफाय, बोटाचा ठसा, बँकेचं ॲप. या एका दिवसाचा फायदा असा की नंतर काही बिघडलं तर ते मीच बिघडवलंय हे नक्की असतं. जाहिराती मात्र असह्य झाल्या, दोन वर्षांत डोळ्यांची सवयच गेली होती. हवामानाच्या ॲपमध्ये हवामानापेक्षा जाहिरात मोठी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी नव्या बिल्डची इनिट-बूट काढली, पॅच केली, या वेळी याच फोनवर, आणि मूळ प्रत कॉम्प्युटरवर बिल्ड नंबरच्या नावाने ठेवली. रूट परत. मॉड्यूल्स एकेक करून, प्रत्येकानंतर रिस्टार्ट. कंटाळवाणं आहे पण तिसऱ्याच मॉड्यूलला फोन लोगोवर अडकला तेव्हा कोण ते शोधावं लागलं नाही. असं झालं तर कॉम्प्युटरला जोडून 'मॅजिस्क रिमूव्ह मॉड्यूल्स' ही कमांड एडीबीने धाडता येते, फक्त यूएसबी डीबगिंग चालू आणि तो कॉम्प्युटर आधी मंजूर केलेला पाहिजे. ते नसेल तर फोन सेफ मोडमध्ये उठवा, मॅजिस्क ते ओळखून सगळी मॉड्यूल्स स्वतःच बंद करतं. मी सेफ मोड वापरला, कारण केबल दुसऱ्या खोलीत होती.

अडकवणारं निघालं ते फाँटचं. वहीत त्याच्यापुढे शेवटचं अपडेट दीड वर्षापूर्वीचं लिहिलेलं होतं, म्हणजे माहिती समोर होती, मीच वाचली नाही. चौदापैकी आता चार आहेत: होस्ट्स, बॅटरीचं, कॉल रेकॉर्डिंगचं आणि एक प्ले इंटिग्रिटी या गुगलच्या फोन-तपासणीसाठीचं. ती दोन अनोळखी कशाची होती ते अजून आठवलेलं नाही, आणि त्यांच्यावाचून फोनचं काही अडलेलंही दिसत नाही.